सुकटीचे सात पदर

आमच्या यवतमाळात समुद्र सोडला तर सगळं आहे. कापूस आहे, तूर आहे, पळस आहे आणि मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडणाऱ्याला शहाणपण शिकवणारं ऊन आहे. समुद्र तेवढा साडेसहाशे किलोमीटर पलीकडे राहून गेला. लहानपणी मी तो भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगात पाहिला होता. त्याला वासही असतो, हे लग्न झाल्यावर कळलं.

लग्न १९८३ साली झालं. सौ.चं माहेर अलिबागकडचं. मुंबईहून रेल्वेनं धामणगाव आणि धामणगावाहून एस.टी.नं यवतमाळ, असा नव्या नवरीच्या गृहप्रवेशाचा मार्ग होता. एस.टी. सुटून दहा मिनिटं झाली नसतील, तोच पुढच्या बाकावरच्या एका म्हातारबुवांनी कंडक्टरला विचारलं, "काहो, गाडीत काही मेलं का जी?"

कंडक्टर बाकाखाली वाकून पाहू लागला. सगळी गाडी एकमेकांच्या पिशव्यांकडे संशयानं बघू लागली. मीही बघितलं. नवरी मात्र पदर सावरून खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीकडे अशी टक लावून बसली होती, की जणू जन्मात कधी कापूस पाहिला नाही. (खरोखरच पाहिला नव्हता.) घरी आल्यावर उलगडा झाला. गाडीत मेलेलं जे काही होतं ते आमच्याच सामानात होतं, आणि ते मरून तीन महिने झाले होते.

ती सुकट होती. जवळा म्हणून एक इवलासा, कोळंबीच्या जातीचा जीव असतो. तो वाळला की त्याची सुकट होते. कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात. बोंबलाच्या अंगात तर मांसापेक्षा पाणीच जास्त, म्हणून त्याला वेसाव्याला नाहीतर सातपाटीला बांबूच्या मांडवावर उन्हात टांगतात. पाणी गेलं की किडवणाऱ्या जंतूंचा संसार मोडतो, आणि मासा टिकतो. ऊन आणि कधी मीठ, एवढ्यावर हा प्राणी पावसाळा काढतो. त्याची स्वतःची मागणी एकच असते: अंगाला ओल लागू देऊ नका. बाकीच्या मागण्या त्याच्या नसतात, आपल्या असतात. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि ते ज्या रीतीनं कळलं ती काही फारशी अभिमानाची गोष्ट नाही.

सासूबाईंनी ती सुकट सात पदरांत बांधून दिली होती. मी मोजले. आत वाळलेलं केळीचं पान, त्यावर वर्तमानपत्र, मग डालड्याचा डबा, डब्याच्या झाकणाला भोवतीनं लावलेली कणीक, त्यावर जुन्या लुगड्याचं शिवलेलं फडकं, फडक्यावर गोणपाट आणि गोणपाटावर सुतळी. एवढं करूनही वास बाहेर आला, यावरून समुद्राच्या ताकदीची कल्पना यावी.

पण त्या सात पदरांचं पुढं काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. केळीचं पान परसातल्या आळ्यात गेलं. वर्तमानपत्र आधी आम्ही वाचलं (रायगड जिल्ह्यातल्या महिनाभर जुन्या बातम्या ताज्यासारख्याच वाटल्या), मग ते फडताळात अंथरलं. कणीक चिमण्यांनी नेली. लुगड्याचं फडकं कढई उतरवायला लागलं. गोणपाट पाय पुसायला दारात पडलं. सुतळीचा गुंडा खिळ्याला लटकला. आणि डालड्याचा डबा! त्या डब्यानं आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त नोकरी केली. तो आधी तांदळाचा झाला, मग गळू लागल्यावर खिळ्यामोळ्यांचा झाला, आणि बूड गेल्यावर त्यात तुळस लागली. आईनं तिची पूजा केली तेव्हा मी सौ.कडे पाहिलं. सौ.नं मला डोळ्यांनी दटावलं.

मासळीच्या पत्र्याच्या डब्याशीही माझी तोंडओळख आहे. आमचे एक मामा फौजेत होते. त्यांनी एकदा सुट्टीवर येताना तेलातल्या माशांचा सीलबंद डबा आणला. तो उघडायचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. अडकित्ता झाला, स्क्रू-ड्रायव्हर झाला, शेवटी मामांनी छिन्नी-हातोडा मागवला आणि माशांनी प्राण जाऊन इतक्या महिन्यांनी आमच्या छतापर्यंत उडी घेतली. त्यावेळी मला आमच्या अडाणीपणाची लाज वाटली होती. पुढं वाचनात आलं, की पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडात १८१० साली घेतलं गेलं, आणि तो उघडायचं खास हत्यार निघालं ते थेट १८५०च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं अख्खं युरोप छिन्नी-हातोडाच वापरत होतं. म्हणजे आम्ही मागासलेले नव्हतो, परंपरा पाळत होतो. आणि तो डबाही वाया गेला नाही. मांजराची वाटी म्हणून दोन वर्षं झिजून शेवटी भंगारवाल्याच्या तराजूत गेला. लोखंड ते. वितळलं की पुन्हा कामावर हजर.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे आता येणारी सुकट. सासूबाई गेल्या. त्यांच्यामागं मेहुणीनं ते काम हाती घेतलं आणि कुरियरनं पार्सल येऊ लागलं. यातही पदर सातच असतात, बरं का! चंदेरी पाकीट, त्यावर झिपची पिशवी, त्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर फोडांचं प्लास्टिक, त्याभोवती थर्माकोलचा डबा, डब्याला सगळीकडून चिकटपट्टी आणि वरून कुरियरवाल्याची न फाटणारी पिशवी. आत सुकट पावशेर. सौ. कात्री घेऊन बसते आणि मी शेजारी कचऱ्याची बादली धरून उभा राहतो. सर्जन आणि नर्स.

मी जन्मभर सरकारी कचेरीत निवृत्तिवेतनाची प्रकरणं हाताळली. त्यामुळे मला हे चटकन दिसलं, की जुन्या सात पदरांनी मासा पोचवल्यावर वीस-वीस वर्षं नोकरी केली. नवे सातही पदर पोचल्याच दिवशी निवृत्त होतात, आणि त्यानंतर मरतच नाहीत. त्यांना कोणत्या शीर्षाखाली टाकायचं, हे कुणालाच ठाऊक नाही. चंदेरी पाकीट मी मोठ्या आशेनं भंगारवाल्यापुढे धरलं. त्यानं ते बोटात चोळून परत दिलं. "हे नाई चालत काका. प्लास्टिक बी नाई अन् पत्रा बी नाई." त्यानं चार शब्दांत शास्त्र सांगितलं. त्या पाकिटात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवून वेगळे करणं परवडत नाही. म्हणूनच ओल आत जात नाही, आणि म्हणूनच पाकीट पुन्हा वितळवून कामी येत नाही. गुण आणि अवगुण एकच. असे संसारही मी पाहिले आहेत.

बाजाराची गंमत तर याहून न्यारी. आमच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीची ओळ असते. तिथल्या माझ्या ओळखीच्या मावशींकडे बोंबील आणि सुकट गोणीतून येते. तिकडच्या किनाऱ्यापासून आमच्या बाजारापर्यंतचा प्रवास मासा गोणपाटात करतो. आणि बाजारापासून आमच्या घरापर्यंतच्या शेवटच्या दीड किलोमीटरला त्याला लागतात दोन पन्न्या! आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. पूर्वी याच मावशींची सासू मासळी पळसाच्या पानात बांधून द्यायची. पळसाला पानं तीनच, पण ती गावाला पुरत होती.

"दुसरी पन्नी देऊ का भाऊ? वास येईन," मावशी विचारायच्या.

"द्या. काळी द्या," मी हळूच सांगायचो.

या 'काळी द्या'मध्ये सगळं आलं. १९९६ साली आम्ही स्वतःचं घर बांधलं ते ज्या कॉलनीत, तिथं डावीकडचे काका माळकरी आणि उजवीकडच्या घरी कांदासुद्धा चातुर्मास पाहून चिरतात. आम्ही मासळी खातो हे कुणाला कळू नये, म्हणून आमच्या सुकटीला काळा बुरखा. खाऊन झाल्यावर पाकिटं, काटे, डोकी सगळं पुन्हा एका काळ्या पन्नीत भरायचं, ती दुसऱ्या पन्नीत घालायची आणि गाठ मारायची. गाठ मारणं हा माझा प्रांत. कचेरीत दप्तरं बांधून बांधून माझी एक गाठ तयार झाली आहे. दोन फेरे, एक पीळ आणि वर उलटी आढी. ती सुटत नाही, कापावी लागते. साहेब बदलले, पण माझी गाठ कुणाला सुटली नाही. तर अशी गाठ मारून मी रात्री साडेदहाला शतपावलीच्या निमित्तानं निघायचो आणि कोपऱ्यावरच्या ढिगावर ती पन्नी ठेवून, नामस्मरण केल्यासारखा चेहरा करून परत यायचो.

ढिगावरून ती कधी वाऱ्यानं नाल्यात जायची. यात मला एक भौगोलिक अभिमानही वाटायचा, कारण आमच्याकडचं पाणी वाघाडीत, वाघाडीचं पैनगंगेत, पैनगंगेचं वर्धेत, वर्धेचं प्राणहितेत आणि प्राणहितेचं गोदावरीत जातं. म्हणजे अरबी समुद्रातून निघालेली सुकट यवतमाळला जेवून तिची पन्नी बंगालच्या उपसागराकडे रवाना! तिथं तिचे तुकडे माशांनी खायचे. जगभरच्या माशांच्या पोटांत प्लास्टिकचे कण सापडतातच. परतफेड म्हणतात ती हीच.

२३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि जूनपासून पाच हजार रुपये दंड सुरू झाला. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या पन्न्या गोळा करून एका मोठ्या पन्नीत भरून ठेवल्या. बाजारात कापडी पिशव्या झळकू लागल्या. हिरव्या, निळ्या, छान कडक. मी चार घेतल्या. सौ.नं एक हातात घेऊन कोपरा मेणबत्तीवर धरला. तो आक्रसून वितळला. "हे कापड नाही, प्लास्टिकच आहे. पॉलिप्रॉपिलीन," ती म्हणाली. ज्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालासुद्धा कापूस ओळखू येतो, तिथल्या माणसाला कापूस म्हणजे काय हे अलिबागच्या बाईनं शिकवलं! ज्या बाईनं १९८३ साली पऱ्हाटी पहिल्यांदा पाहिली तिनं! मी तो अपमान गिळला. काळ्या पन्न्या हळूहळू परत आल्या. माझी शतपावलीही चालू राहिली.

आता कपिलीची गोष्ट.

कपिली आमच्या गल्लीतल्या गवळीभाऊंची गाय. रोज सकाळी सात वाजता आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. सौ. तिला पहिली पोळी घालायची, पाठीवर हात फिरवायची आणि तोच हात कपाळाला लावायची. मला दुसरी पोळी मिळायची. हा क्रम दहा वर्षांत चुकला नव्हता.

बंदीच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आधी चार दिवस, कपिली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोळी हातात घेऊन सौ. गवळीभाऊंच्या गोठ्यात गेली, मागं मी. कपिली बसली होती. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. तोंडापुढचा चारा तसाच.

"दोन दिस झाले वहिनी, तोंड नाई लावलं," गवळीभाऊ म्हणाले. "डॉक्टर म्हन्ते, पोटात पन्नी हाय. फाडा लागते."

दुपारी डॉक्टर आले. गोठ्यातच ऑपरेशन झालं. गायीला उभं ठेवून, कूस बधिर करून. डॉक्टर काम करता करता शांतपणे सांगत होते. गाय आपल्यासारखी निवडून खात नाही. जिभेनं ओढते आणि गिळते. रवंथ पुढं सावकाश. खारट वास आला की ती पिशवीसकट ओढते, कारण मिठाची तिला ओढच असते. पिशवी कोठीपोटात जाते आणि तिथंच राहते. ती पचत नाही, आणि पुढंही सरकत नाही. "पिशवी उघडी असती तर आतलं खाऊन पिशवी टाकली असती कदाचित," डॉक्टर म्हणाले, "पण लोक अशा गच्च गाठी मारतात ना!"

मी गोठ्याच्या आढ्याकडे पाहू लागलो.

एक घमेलं भरलं. मग दुसरं. एकमेकींत पिळा पडलेल्या पन्न्यांचा काळा-करडा लगदा. अर्धी गल्ली गोठ्याच्या दाराशी उभी होती. गवळीभाऊंच्या पोरानं काठीनं लगदा उकलून पाहिला आणि त्यातून एक काळी पन्नी वर आली. किती दिवस, किती महिने तिथं होती कोण जाणे! तिची गाठ सुटली नव्हती. दोन फेरे, एक पीळ आणि वर उलटी आढी.

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी गाठ कुणाला सुटली नव्हती. कपिलीलाही नाही.

सौ.नंही ती ओळखली. ती काही बोलली नाही. हातातली पोळी तिनं पदराखाली धरली होती, ती तशीच राहिली. मला वाटलं, आता सगळी गल्ली माझ्याकडे वळून पाहणार. पण पोराची काठी चालूच होती. लगद्यातून मासळीचं चित्र छापलेलं एक चंदेरी पाकीट निघालं. मग दुसरं. आणि ही पाकिटं आमची नव्हती! त्यावरचा छाप आमच्या घरात कधी आलाच नव्हता. मी डावीकडे पाहिलं. माळकरी काका जमिनीकडे बघत होते. उजवीकडच्या वहिनींना एकाएकी दूध उतू गेल्याची आठवण झाली. सगळ्या कॉलनीत मासळी खाणारे आम्ही एकटेच, असं मी तेवीस वर्षं समजत होतो. रात्री साडेदहाला माझ्यासारखे आणखी किती जण नामस्मरण करत हिंडत होते, देव जाणे.

त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. सुकटीला ओल लागू नये म्हणून एक डबा पुरतो. उरलेले सगळे पदर माशाचे नव्हतेच. ते आमच्या अब्रूचे होते. माशाला टिकवायला मीठ पुरलं. अब्रू टिकवायला पन्नी लागली, आणि तीही कुणाच्या तरी पोटात.

कपिली वाचली. तिच्या औषधाचे पैसे मी देऊ केले. गवळीभाऊ म्हणाले, "तुमी काहून देता जी? तुमचा का संबंध?" मी संबंध सांगितला. सांगायला मला आयुष्यात लागला नव्हता एवढा वेळ लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पैसे ठेवून घेतले. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. कपिलीला त्यांनी दावणीला बांधलं. सकाळी सात वाजता सौ. फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि पोळी घेऊन परत यायची. मला ती पहिली पोळी मिळू लागली. ती घशाखाली उतरत नसे.

त्या पोळ्यानंतर मी बाजारात डबा घेऊन गेलो. स्टीलचा, कडीचा. मावशी हसून लोळल्या. "अवो भाऊ, सुकटीले का डबा आनते कोनी?" मग डब्याच्या वजनाचा प्रश्न आला. मावशी आधी रिकामा डबा तोलेनात, मी भरलेला तोलू देईना. शेवटी त्यांनी तागडीत सुकट तोलून डब्यात ओतली, जे पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं. चार बाजार लोक वळून वळून बघत होते. पाचव्या बाजाराला माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात डबा होता.

मेहुणीला कळवलं, सुकट डब्यात घालून, डबा फडक्यात शिवून, कुणी येणार-जाणार असेल त्याच्याबरोबर पाठव. घाई नाही. वाळलेल्या माशाला कसली घाई? पावसाळ्यात ती आम्ही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवतो, मधूनच ऊन दाखवतो. रिकामा डबा परत पाठवताना त्यात आमच्याकडची तूरडाळ भरून दिली. डबा तीनदा घासला होता. तरी मेहुणीचं पत्र आलं, "डाळ उत्तम. पण वरणाला समुद्राचा वास येतो. इथल्या मंडळींना फार आवडलं."

परवा संध्याकाळी डबा घेऊन बाजाराला निघालो होतो. उजेड होता, साडेपाच वाजले असतील. फाटकाशी माळकरी काका उभे. इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि पाठीमागं धरलेला हात पुढं केला. हातात एक डबा. पितळेचा, जुना, बहुधा पूजेचा.

"बाजारात चालले नं तुम्ही?" काका म्हणाले. "सूनबाई म्हणत होती, पावशेर सोडे मिळाले तर..."

"नक्की आणतो," मी म्हटलं.

"माझ्यासाठी नाही हो."

"नाही, नाही, सूनबाईंसाठीच."

काका दोन पावलं गेले आणि परत वळले. "आणि पन्नी नका आणू बरं," ते म्हणाले.

पलीकडे गोठ्याच्या दारात कपिली उभी होती. गवळीभाऊ तिला आता सकाळी अर्धा तास सोडतात. ती आमच्या फाटकाशी येते, पोळी खाते. पण पोळी घालणारा हात आधी नीट हुंगून बघते. बघू दे. तिचा तो हक्क आहे.